कोल्ह्यावर उतर!

मेक्सिको शहरात पायी हिंडायचे असेल तर पहिले दोन दिवस जपून चालावे. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा कितीतरी वर. पण जवळपास दरीखोरे दिसत नाही, त्यामुळे धाप का लागली हेच माणसाला उमगत नाही. त्यातून हे वसले आहे जुन्या तळ्याच्या गाळावर. जमीन खचत असते, फरशा वरखाली होतात, जुनी चर्चे कलतात. कललेले चर्च पाहायला मान वर करावी, तर पाऊल नेमके खड्ड्यात!

पाय थकले की मेट्रो. ४ सप्टेंबर १९६९ रोजी ती सुरू झाली. बहुतेक गाड्यांना रबरी चाके. भाडे पाच पेसो, मग पुढच्या स्टेशनावर उतरा की शहराच्या दुसऱ्या टोकाला. गर्दी मात्र थेट दादरची आठवण करून देणारी. सगळे गोडच आहे असेही नाही. ३ मे २०२१ च्या रात्री बारा क्रमांकाच्या मार्गावरचा पूल गाडीसकट कोसळला आणि २६ माणसे दगावली.

मला भुरळ पडली ती पाट्यांची. प्रत्येक स्टेशनाच्या नावाबरोबर एक चित्र. चापुल्तेपेक म्हणजे नाहुआत्ल भाषेत टोळाची टेकडी, म्हणून पाटीवर टोळ. पिनो सुआरेस येथे १९६७ साली खोदकामात वाऱ्याच्या देवाचे, एहेकात्लचे, छोटे देऊळ सापडले. ते तिथेच राखले आहे. गाडी बदलणारे लोक त्याच्या शेजारून धावत असतात, आणि स्टेशनाचे चित्रही तेच! ही चिन्हे लान्स वायमन या चित्रकाराच्या कल्पनेतली. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आपले स्टेशन कळावे, हा हेतू.

माझी आई शाळेत गेली नव्हती. मुंबईत ती स्टेशने बोटांच्या पेरांवर मोजत प्रवास करी, आणि जलद गाडीत कधी चढत नसे. मधली स्टेशने गाळली की तिचा हिशेब चुके. आम्ही भावंडे तिला हसत असू. त्या टोळाकडे पाहताना पहिल्यांदा वाटले, की तिच्यासाठी कुणीतरी एवढे करायला हवे होते.

गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायकामुलांसाठी राखीव असतात. सौ. तिकडे, मी मागे. नावांचे उच्चार दोघांच्याही जिभेला पेलेनात, तेव्हा मी ओरडलो, “कोल्ह्यावर उतर!” कोयोआकान म्हणजे कोयोटींचे गाव, आणि कोयोट हा कोल्ह्याचाच भाऊबंद. उतरलो खरे, पण जुने गाव तिथून चांगले वीसपंचवीस मिनिटे लांब. सौ. त्या वाटेवर फारशा बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी रेफोर्मा हा हमरस्ता मोटारींना बंद असतो, आठपासून दोनपर्यंत. २०१० पासून शहरात भाड्याच्या सायकली आहेत. आम्हीही दोन घेतल्या. कॉलेज सुटल्यापासून सौ. सायकलीवर बसल्या नव्हत्या. देवदूताच्या उंच स्तंभाला वळसा घालताना मी धापा टाकत थांबलो, तर मागून घंटी वाजली. “अहो, सरका बाजूला!”