पहिल्या तासाची सोबत

नर्सिंग कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या ट्यूटरची मला फार काळजी वाटते. बीएस्सी होऊन वर्ष-दोन वर्षं वॉर्डात काढलेली ही मुलगी चोवीस-पंचविशीची. समोर बसलेल्या मुली तिच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. कालपर्यंत ती 'सिस्टर' होती, आज 'मॅडम' झाली.

ड्रिपचंच घ्या. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा. वॉर्डात तिचा अंगठा रोलरवर जातो, नजर घड्याळावर, आणि थेंब जमतात. वर्गात तेच फळ्यावर मांडायचं: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, तासांची मिनिटं कशाला करायची?" हातात मुरलेल्या गोष्टीच्या पायऱ्या तिला नव्याने शोधाव्या लागतात. शिकवण्यातलं सर्वांत अवघड काम हेच, असं मला वाटतं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेचा नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंतचा प्रवास पाच टप्प्यांत मांडला होता. त्यातले दोन-तीन टप्पे चढून आलेली मुलगी वर्गाचा उंबरा ओलांडते आणि पुन्हा नवशिकी होते. हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती स्वतःलाच कमी समजू लागते.

त्यात इंग्रजी. जत, आटपाडी, माण, खटावकडून आलेल्या कितीतरी मुली दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या असतात. 'पिटिंग एडिमा' म्हणजे बोटाने दाबलं की खळगा राहतो ती सूज, हे मराठीत सांगितलं की त्यांचे चेहरे उजळतात. पण मराठीत बोललं तर आपला मान जाईल, या धास्तीने नवी ट्यूटर पुस्तकातली वाक्यंच वाचून दाखवते. तिने खुशाल मराठीत बोलावं. मिरजेच्या वॉर्डात "छातीत कळ येतीया" म्हणणाऱ्या आजींचं दुखणं चार्टवर इंग्रजीत उतरवायचं असतं, ते या मुलींना दोन्ही भाषांतूनच साधेल.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं. कराडला, सांगलीला आज नर्सिंगची कॉलेजं आहेत. या पट्ट्यात अनुभवी सिस्टरांची वाण नाही. पहिल्या रात्रपाळीला नव्या नर्सच्या शेजारी त्यांच्यापैकी कुणीतरी असतं. ट्यूटरच्या हाती मात्र सिलॅबस आणि टाइमटेबल पडतं, आणि वर्गात ती एकटीच उभी राहते. डिग्रीच्या वर्षांत प्रॅक्टिस टीचिंगचे मोजके पाठ घेतले, तेवढीच तिची शिदोरी.

म्हणून कॉलेजने पहिल्या सत्रात तिच्याकडे एकच विषय द्यावा. सकाळी मुलींना घेऊन वॉर्डात पोस्टिंगला गेली असेल, त्या दुपारी थिअरीचा तास लावू नये. आठवड्यातून एकदा एखाद्या ज्येष्ठ मॅडमनी मागच्या बाकावर येऊन बसावं, वही न उघडता ऐकावं आणि नंतर चहा घेताना फक्त एकच सुधारणा सुचवावी.