आजीची ओंजळ आणि देवमाशाचे पिल्लू

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर गावचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांत भरून थेट भडोच बंदराला जात असे. त्याच मुलखातील आम्ही. पण आमच्या घरात कोणीही समुद्र पाहिला नव्हता. २० मार्च २०२४ रोजी आम्ही दोघे, दोन मुले आणि त्यांची आजी असे महाडला गेलो. चवदार तळ्यावर अभिवादन केले. मुलांच्या हट्टाखातर दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मंडणगडमार्गे दापोलीजवळचे मुरूड गाठले. हे आपले लातूरकडचे मुरूड नव्हे.

घाट उतरलो, नारळी-पोफळीच्या बागा लागल्या आणि एकदम निळे पाणी दिसले. आजी म्हणाली, "एवढं पाणी! अन् आपल्याकडं घागरीसाठी रांगा."

होडीतून आत गेलो. थोड्या वेळाने पाण्यावर एक करडी पाठ दिसली, मग दुसरी. डॉल्फिन! एकीला बिलगून तिचे पिल्लू होते. नावाडीदादांनी इंजिन बंद केले. आम्ही मुलांना सांगितले, की डॉल्फिन हा देवमाशाच्याच कुळातला. देवमासा हा देवही नाही आणि मासाही नाही. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो.

तेव्हा नावाडीदादांनी नोव्हेंबर २०२३ मधली हकीकत सांगितली. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू येऊन अडकले होते. त्याची कातडी सुकू नये म्हणून लोक त्याच्यावर पाणी ओतत राहिले. वनखाते, तटरक्षक दल, गावकरी सारे झटले. त्याला ओढून समुद्रात नेलेही; पण ते जगले नाही.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. तान्हं लेकरू संगं. आपल्याला हिरीजवळ येऊ देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, न्हाईतर तसंच ऱ्हायचं. ह्या मुक्या जिवाला लोकांनी पाणी घातलं, लई चांगलं केलं. माणसाच्या लेकरावरबी तेवढी माया पाहिजे व्हती."

आम्हाला उत्तर सुचले नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहानेसाठी नव्हते, हे आम्ही मुलांना आदल्या दिवशीच सांगितले होते. पण ते त्यांना खरे कळले आजीच्या तोंडून.

परतताना आजीला तहान लागली. तिने पाणी मागितले आणि सवयीने ओंजळ पुढे केली. नावाडीदादांनी आपली बाटलीच तिच्या हातात दिली. "तोंड लावून प्या, आजी." आजी प्यायली. धाकटीने विचारले, "आजी, तू हात का पुढं केलेस?" आजी नुसती हसली.

महाडला जाणाऱ्या बंधू-भगिनींनी मुलांना समुद्र जरूर दाखवावा. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या पाण्याची गोष्ट विचारावी. आम्ही ती फार उशिरा ऐकली.