झेनॉर ते पेंडीन, समुद्राच्या कडेकडेने

मैत्रिणींनो, इंग्लंडच्या खेड्यातली ‘इन’ म्हणजे खाली दारू मिळते नि वर झोपायला खोल्या! हे ऐकून आमच्या सासूबाईंनी जे तोंड केले, ते काय सांगू! पण कॉर्नवॉलच्या किनाऱ्याने पायी जायचे तर रात्री पाठ टेकायला याच जागा. आत शिरून पाहावे तर दोन आज्या आपली कुत्री पायाशी घेऊन निवांत चहा पीत बसलेल्या. बिचकण्यासारखे काही नाही बरं का!

मे महिन्याच्या सुट्टीत मी ब्रिस्टलला थोरल्या नणंदेकडे गेले होते. वन्संचे वय बासष्ट, उजवा गुडघा दीड वर्षापूर्वी बदललेला. ‘झेनॉरहून पेंडीनला समुद्राकाठाने चालत जायचंय, येतेस?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा घरात एकजात सगळे नको म्हणाले. डॉक्टर मात्र ‘चाला’ म्हणाले होते. वन्संनी तेवढेच ऐकले.

झेनॉर म्हणजे मूठभर घरे, एक चर्च आणि एक इन. चर्च बांधणाऱ्या गवंड्यांच्या मुक्कामासाठी 1271 साली ही इन उभी राहिली असे सांगतात. चर्चमधल्या एका जुन्या लाकडी बाकाच्या कडेला हातात आरसा नि कंगवा घेतलेली जलपरी कोरली आहे. चर्चमध्ये गोड गाणाऱ्या एका तरुणाला तिने समुद्रात नेले म्हणे.

न्याहारी करून निघालो. मिनहेडपासून पूल बंदरापर्यंत जाणाऱ्या 1014 किलोमीटरच्या किनारी वाटेचा हा एक तुकडा. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला पहारेकरी कड्यांवरून फिरत, त्यांच्या पावलांनी ही वाट पडली. म्हणूनच ती सोयीची नाही. पहाऱ्याला प्रत्येक खाच डोकावून बघायची असे, म्हणून वाटही प्रत्येक घळीत उतरते नि पुन्हा चढते. ओकच्या फळाचे चिन्ह दिसले की आपण बरोबर आहोत असे समजायचे.

अंतर तेरा-चौदा किलोमीटरच, पण आम्हाला आठ तास लागले! खाली निळाशार समुद्र, कड्यावर गुलाबी फुलांचे गुच्छ, पिवळीधमक काटेरी झुडपे. डावीकडे दगडी बांधांची चिमुकली शेते. त्यांतले कित्येक बांध दोन हजार वर्षांहून जुने, नि आजही त्यांत गाई चरतात. पाहायचे तर थांबून पाहा. चालताना नजर पायाखालीच हवी.

वन्संना चढाचा त्रास नव्हता, उताराचा होता. मग आडवे होऊन, काठी आधी खालच्या दगडावर टेकवून, एकेक पाऊल. मी हात पुढे केला की म्हणत, ‘तू तुझं बघ गं!’

गर्नार्ड्स हेड हा माशाच्या डोक्यासारखा दिसणारा सुळका आला, तेव्हा दुपार झाली होती. इथून वर ट्रीनला गेले की रस्ता, इन आणि बस. गुडघा सुजलेला मला दिसत होता. आम्ही पेस्टी खाल्ली. ही म्हणजे हातभर मोठी भाजलेली करंजीच, खाणकामगारांचा डबा. आमची चीज-कांद्याची होती. वन्संनी गुडघ्याला पट्टा बांधला, शेवटचा घास खाल्ला आणि समुद्राकडच्याच वाटेला लागल्या. मी गप्प राहिले.

पेंडीनचे दीपगृह मागे पडले की खाणींच्या धुरांड्यांचे पडके मनोरे दिसू लागतात. लेव्हंटच्या खाणीचे बोगदे समुद्राखाली मैलभराहून लांब गेले होते. माणसांना वरखाली नेणारे तिथले यंत्र 20 ऑक्टोबर 1919 रोजी तुटले आणि 31 जण दगावले. कॉर्नवॉलच्या खाणींवर बायकाही राबत. डोक्याला पांढरी टोपडी बांधून, उघड्यावर, हातोड्याने खनिज फोडत. इथले कामगार पुढे आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. वन्संनी एका भिंतीवर हात टेकला नि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

तुम्ही जाणार असाल तर खोल्या आधी ठरवा. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, आणि आधी महिनाभर घरात वापरलेले. साडी नकोच, काटे ओढतात. बसचे वेळापत्रक आदल्या दिवशी लिहून घ्या. झेनॉर, ट्रीन, पेंडीन तिन्ही गावे बसच्याच रस्त्यावर आहेत. धुके आले तर कडा सोडून सरळ रस्त्याला लागा. फाटके उघडाल ती लावून घ्या.

पेंडीनच्या इनमध्ये वन्संनी पाय खुर्चीवर ठेवला, त्यावर बर्फाची पिशवी. मालकीण चहा घेऊन आली. वन्संनी तिला आधी साखर मागितली, मग विचारले, ‘इथून लँड्स एंड किती तासांचं?’