चुनकळीचा उजेड

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी तासाला हजर होणारा आमचा एक विद्यार्थी होता. महाविद्यालयाच्या एकांकिकेचे दिवे तोच सांभाळी. ‘प्रकाशझोतात येणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ लिहा, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले होते : ‘कुणीतरी अंधारात बसून दुसऱ्यावर उजेड पाडणे.’ मराठीचे प्राध्यापक या नात्याने आम्ही त्यावर तांबडी फुली मारली. ‘प्रसिद्धी मिळणे’ हा अर्थ आम्हांला पाठ होता.

पुढे इंग्रजी ‘लाइमलाइट’चे मूळ पाहण्याचा योग आला. त्यातला ‘लाइम’ म्हणजे लिंबू नव्हे, चुना! ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या ज्योतीत चुनकळी तापवली की ती प्रखर, शुभ्र तेजाने उजळते. थॉमस ड्रमंड याने १८२५ साली आयर्लंडच्या भूमापनात हा दिवा वापरला. १८३७ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगभूमीवर आला. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, ते त्यानंतर सहा वर्षांनी, १८४३ साली.

आम्ही थबकलो ते पुढच्या तपशिलापाशी. ज्योतीच्या धगीने चुनकळीला खळगे पडत. म्हणून प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस बसे. तो चुनकळी सतत फिरवत राही, दोन्ही वायूंवर लक्ष ठेवी. नट सरकला की झोतही सरकवी. कालांतराने विजेचे दिवे आले, चुना गेला, शब्द तेवढा उरला. त्यात नटाची कीर्ती राहिली. दिव्यापाशी बसणाऱ्याचा मागमूसही राहिला नाही.

मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे. भाषेने त्या माणसाला चुना लावला, असेच म्हणावे लागेल. आणि आम्ही तरी काय वेगळे केले?

त्या वर्षी एकांकिकेला बक्षीस मिळाले. छायाचित्रात नट आहेत, हार घातलेले आम्हीही आहोत. तो मात्र नाही. डिमर बंद करून, तारा गुंडाळून तो पाळीवर गेला होता. त्याची अनुपस्थिती तेव्हा आमच्या ध्यानातही आली नव्हती.

कोशाच्या लेखी आमची फुली आजही बरोबरच ठरेल. परंतु हा वाक्प्रचार शिकवताना आता आम्ही आधी त्याचे उत्तर सांगतो आणि मग कोशातला अर्थ. ती उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली. त्यातले कापलेले गुण परत देण्याची सोय आता उरली नाही.