उजव्या सीटवरून

सेस्ना १७२ मध्ये विद्यार्थी डावीकडे बसतो आणि मी उजवीकडे. योक दोघांच्याही हाताशी असतं, रडरची पेडल दोघांच्याही पायाशी. त्यामुळे त्याची चूक मला कधीही निस्तरता येते. लगेच निस्तरली तर तो काही शिकत नाही, आणि फार उशीर केला तर दोघांच्याही जिवावर बेततं. नेमकं किती थांबायचं हे मला दर उड्डाणात नव्याने ठरवावं लागतं.

मी मूळची वसमतची. आमच्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, जवळचा तो नांदेडचा. मी बारामतीला शिकले आणि आता तिथेच शिकवते. मराठवाड्याकडची मुलं आली की पहिले काही दिवस मी सगळं मराठीतून समजावते. रेडिओवर इंग्रजीच बोलावं लागतं, पण हवा पंखाला कशी उचलून धरते हे आधी स्वतःच्या भाषेत पटलेलं बरं.

ट्रॅक्टर चालवत वाढलेली मुलं टॅक्सी करताना हमखास योक वळवतात. जमिनीवर विमान वळतं ते पायांनी. टेकऑफला पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढ घेतं, कारण पंख्याचा गोल फिरत जाणारा झोत शेपटीवर एका बाजूने आदळतो. ‘उजवा पाय, उजवा पाय’ हे माझं दिवसभर चालू असतं.

पुरेशी उंची गाठली की मी मुद्दाम स्टॉल करायला लावते. अनेकांना वाटतं, स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. इंजिन व्यवस्थित चालू असतं. पंख हवेला फार तिरका झाला की वरचा प्रवाह सुटतो आणि उचल कमी होते. भोंगा वाजतो, विमान थरथरतं, नाक खाली जातं. घाबरलेला हात योक मागे ओढतो, आणि तेच घातक. नाक खाली सोडायचं, म्हणजे पंख पुन्हा हवा धरतो. जमिनीजवळच्या शेवटच्या वळणावर हे चुकलं तर सावरायला उंचीच उरत नाही, म्हणून हा धडा मी पुन्हा पुन्हा घेते.

कळमनुरीकडच्या एका मुलाचं सगळं अडलं होतं लँडिंगवर. त्याची नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळायची, मग फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकेच उचलणं, कधी फार उंचावर व्हायचं, कधी उशिरा. मी म्हणायचे, “धावपट्टीच्या पार टोकाकडे बघ.” कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. घरच्यांनी कर्ज काढलेलं. “मॅडम, सोलो कधी?” या प्रश्नामागे त्याच्या वडिलांची काळजी मला ऐकू यायची. पण पैशाच्या धास्तीने कुणाला एकट्याला वर पाठवायचं नसतं. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

मग एका सकाळी लागोपाठच्या लँडिंगमध्ये मला तोंड उघडावंच लागलं नाही. वरिष्ठ प्रशिक्षकांनीही तपासून होकार दिला. विमानातून उतरताना मी बजावलं, “माझं वजन नाही, विमान लवकर उचलेल आणि उतरताना जास्त तरंगेल.” तो गेला. चक्कर पूर्ण करून फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आला तेव्हा उंची जरा जास्त होती. रेडिओ माझ्या हातात होता, तरी मी थांबले. तेवढ्यात त्याचाच आवाज आला, “गोइंग अराउंड.” पॉवर देऊन तो वर गेला आणि पुढच्या खेपेला व्यवस्थित उतरला. मला त्याच्या लँडिंगपेक्षा त्या गो-अराउंडचा अभिमान जास्त वाटला. तो निर्णय त्याने एकट्याने घेतला होता. मित्रांनी रिवाजाप्रमाणे त्याला बादल्यांनी भिजवलं.

पुढे त्याच्यासोबत नांदेडपर्यंतची क्रॉस-कंट्री केली, दीडशे सागरी मैलांहून जास्त. आम्ही सूर्योदयालाच निघालो. उन्हाळ्यात दुपारची तापलेली हवा विरळ होते, चढाई मंदावते, आणि नांगरलेल्या काळ्या रानावर विमान सारखे हेलकावे खातं.

वसमतला गेले की पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांचे आईवडील विचारायला येतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, हे बहुतेकांना माहीत असतं. मी त्यांना सांगते, फी भरण्याआधी, जमीन गहाण टाकण्याआधी, डीजीसीएमान्य डॉक्टरांकडून मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या, क्लास टू आणि मग क्लास वन. रंग ओळखण्यात अडचण असेल तर ती तिथेच कळते.