बर्फाचा सडा

बर्फ म्हटला की आम्हां सोलापूरकडच्या बायकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? लग्नघरी भुशात गुंडाळून आणलेली लादी, नाहीतर मुलांच्या हातातला लालभडक गोळा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा त्या गोळ्याचंही पाणी घरी पोचेपर्यंत कोपरावर येतं. अशा मुलखातली मी, बर्फाच्या मैदानावर उभी राहीन असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते!

२०१८ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सिमल्याला गेलो. कुंभारीहून सोलापूर, तिथून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे कालका, आणि मग १९०३ साली सुरू झालेली ती चिमुकली रेल्वे. ९६ किलोमीटरच्या वाटेत शंभरावर बोगदे! तिसरीतल्या आमच्या लेकीने मोजायला सुरुवात केली नि तिसाव्याला तिला झोप लागली. सासूबाईंनी आग्रहाने दोन सोलापुरी चादरी बांधून दिल्या होत्या. हे ओझं म्हणून कुरकुरले, पण रात्री पहिली चादर यांनीच ओढून घेतली.

निघताना धाकट्या नणंदबाई म्हणाल्या होत्या, “वहिनी, बर्फाबिर्फावर जाऊ नका हं. हात मोडला तर भाकऱ्या कोण थापणार?” म्हणाल्या थट्टेतच, पण मनात ते रुतून बसलं. आमच्या गावात हाताची किंमत सगळ्याच बायका जाणून आहेत. इथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गातल्या बऱ्याच मुली तिथल्या. त्यांच्या आयांचं बोट दुखावलं तर त्या दिवसाची मजुरी गेलीच म्हणून समजा. माझी तर मजुरीही नाही, नुसत्या भाकऱ्या! तरी यांना कुणी असं बजावलं नव्हतं, हेही माझ्या लक्षात आलंच.

सिमल्याचं हे स्केटिंगचं मैदान रिजच्या खालच्या अंगाला, लक्कड बाजाराजवळ. पूर्वी तिथे टेनिस खेळत. १९२० पासून बर्फावरचं घसरणं सुरू झालं. यंत्राचं नाव नाही, सगळा कारभार थंडीच्या भरवशावर. त्यामुळे पहिल्या सकाळी आम्ही हौसेने गेलो नि आल्या पावली परतलो. रात्री ढग आले होते, बर्फ धरलाच नाही.

मला आधी हे उलटंच वाटलं. ढग आले म्हणजे गारवा हवा ना? पण तसं नाही. दिवसभरात तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशात सोडून देते. ढग असले की ती ऊब गोधडीसारखी खालीच धरून ठेवतात. आकाश निरभ्र असलं की जमीन उघडी पडते नि गारठते. इंग्रजांच्या काळी अलाहाबादला याच युक्तीने बर्फ करत. गवताच्या गादीवर मातीची उथळ भांडी मांडायची, पाणी घालायचं आणि निरभ्र रात्रीवर सोडून द्यायचं. कुंभाराचीच करामत म्हणायची ही!

त्या संध्याकाळी आकाश मोकळं झालं. वरून पाहिलं तर माणसं मैदानावर नळीने पाणी मारत होती. भसाभस ओतणं नाही. पातळसा हात, तो गोठला की त्यावर दुसरा. हा तर सडाच की! आपण अंगणात घालतो तसा. फरक एवढाच, की आपला सडा उन्हं चढेपर्यंत वाळतो, त्यांचा रातोरात आरसा होतो. जुनी माणसं सांगत होती, आता थंडी उशिरा पडते, खेळायचे दिवस घटत चाललेत. यंत्राने बर्फ करावा अशी चर्चा तेव्हाही चालू होती.

दुसऱ्या सकाळी मैदान उघडलं. स्केटचे बूट तिथेच भाड्याने मिळाले. हे काठावर कॅमेरा घेऊन उभे. “तू कशाला? तिला जाऊ दे,” म्हणाले. मी काही न बोलता नाड्या आवळल्या. सलवार-कमीज, त्यावर यांचाच स्वेटर, आणि हातमोजे मात्र जाड.

मैत्रिणींनो, जायचा योग आलाच तर लक्षात ठेवा: बूट पायाला घट्ट हवेत, गुडघे जरा वाकलेले, नजर पुढे. पायांकडे पाहिलंत की पडलातच. पडायचं तर कुशीवर पडावं. हात टेकायला गेलं की मनगट जातं. हे मला तिथल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी शिकवलं. त्या स्वतः वाऱ्यासारख्या फिरत होत्या. मी दोनदा पडले, दोन्ही वेळा कुशीवर. तिसऱ्या खेपेला लेकीने माझा हात सोडला आणि दहा-बारा हात मी एकटीच घसरत गेले. खाली नुसतं गुळगुळीत, कानात वारा, नि पोटात पाळण्यातल्यासारखं होतंय! संध्याकाळीही गेले. या वेळी यांना विचारलंसुद्धा नाही.

परतल्यावर वर्गात हे सगळं सांगितलं तर मुलींनी प्रश्नांचा भडिमार केला. बर्फाला पाय चिकटत नाहीत का? तर नाही, बर्फाच्या अगदी वरच्या पापुद्र्याला पाण्यासारखा निसरडेपणा असतो. त्या रात्री तिघींनी गच्चीवर परातीत पाणी ठेवलं. बर्फ कुठला व्हायला! पण दोघींचं म्हणणं, पाणी माठातल्यापेक्षा गार होतं. तिसरीच्या परातीतलं मांजराने पिऊन टाकलं.