माइकला पाठ असते

माइकला पाठ असते! तोंड असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपण त्यातच गातो. पण पाठ असते आणि त्या पाठीला काही ऐकू येत नाही, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाही? गाण्यासाठी बनवलेला साधा माइक समोरून येणारा आवाज पुरा घेतो, बरोबर बाजूने आलेला निम्मा घेतो आणि थेट मागून आलेला जवळजवळ सोडूनच देतो. या आकाराला कार्डिऑइड म्हणतात, कारण कागदावर काढला की तो हृदयासारखा दिसतो. हे कळलं त्या संध्याकाळी मी घरातले स्पीकर हलवले. टीव्हीच्या दोन बाजूंना स्पीकर, टीव्हीवर शब्द, टीव्हीकडे तोंड करून मी, म्हणजे माइकची शेपटी आपोआप स्पीकरकडे! आणि ती कानात घुसणारी सीटी, जिच्या भीतीने आमच्याकडे आवाज कायम अर्ध्यावर ठेवला जायचा, ती गेली. एक रुपया खर्च न करता गेली.

कराओके आमच्या घरी आलं ते पुतणीच्या ब्लूटूथ माइकमधून. दांडीतच स्पीकर, खाली रंगीत दिवे, फोनवरचा ट्रॅक त्यातूनच वाजतो. त्या खेळण्याचे माझ्यावर उपकारच आहेत, कारण बँकेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा गायला लागले ती त्याच्यामुळे. पण त्याची रचनाच अशी आहे की तोंडापासून वीतभर अंतरावर माइक आणि स्पीकर एकाच नळीत बसवलेले. इवलासा स्पीकर खर्ज देऊ शकत नाही, आवाज वाढवला की सीटी येते, आणि हे सगळं झाकायला भरपूर इको घातलेला. त्या इकोमध्ये बेसूरही गोड वाटतं, आणि सूर खरंच लागला तर तोही त्यातच बुडतो. मला माझा लागलेला सूर ऐकायचा होता.

मग दिरांनी मोठा ब्लूटूथ स्पीकर आणला आणि फोनमधल्या अ‍ॅपमधून आवाज त्यावर सोडून पाहिला. तिथे मला दुसरा शोध लागला, आणि हा तर मी भेटेल त्याला सांगते आहे! ब्लूटूथवरून आवाज जायला वेळ लागतो. फोन आवाजाची पुडकी बांधतो, हवेतून पाठवतो, स्पीकर ती सोडतो. या सगळ्यात साधारण ०.१ ते ०.२ सेकंद जातात, कधी त्याहूनही जास्त. आता हिशेब करा. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ०.६ सेकंदांची. तिचा चौथा हिस्सा ०.१५ सेकंद. म्हणजे तुम्ही समेवर अचूक आलात तरी तुमचाच आवाज तुम्हाला पाव मात्रा उशिरा ऐकू येणार! गळा मग नकळत थांबतो, वाट बघतो, लय खेचली जाते, आणि माणूस समजतो की आपल्याला तालाचं अंग नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा ०.१५ सेकंद म्हणजे ५० मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःला ऐकत गाणं. कोण गाऊ शकेल? स्वतःला तालात कच्चे समजणारे कितीतरी लोक केवळ या उशिराचे बळी असतील, असं मला मनापासून वाटतं. तारेतून हा प्रश्नच येत नाही. माइकची तार मिक्सरमध्ये, फोनची तार मिक्सरमध्ये, मिक्सरची तार स्पीकरमध्ये, की सूर निघताक्षणी कानावर. बिनतारी हवाच असेल तर स्वतःचा रिसीव्हर असलेला, यूएचएफवर चालणारा घ्यावा. त्यात हा उशीर जाणवत नाही. ब्लूटूथ ट्रॅकपुरतं ठीक, गळ्यासाठी नको. यावर माझं मत आता बदलणार नाही.

माइक घ्यायला गेलो पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. दुकानदाराने समोर दोन जाती ठेवल्या. एक कंडेन्सर: आत अतिशय पातळ पडदा, चालवायला बहुतेक वेळा मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात. दुसरा डायनॅमिक: पडद्याला चिकटलेलं तारेचं बारीक वेटोळं लोहचुंबकाच्या फटीत हलतं आणि त्यातून वीज निघते, बाहेरून काही द्यावं लागत नाही. म्हणजे आपल्या श्वासावर, आपल्या सुरावर वीज तयार होते! अगदी थोडी, व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजावी लागते इतकी, पण ती माझ्या गळ्यातून आलेली असते. शाळेत फॅरेडेचा प्रयोग पाठ केला होता. तो हातात धरून मी गाणार आहे हे कळल्यावर दुकानातच अंगावर काटा आला.

कंडेन्सर मी कानाला हेडफोन लावून ऐकला. काय तो आवाज! ओठ उघडण्याचा आवाज, रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न, मागच्या गिऱ्हाइकाची घासाघीस, सगळं. एकट्याने हेडफोन लावून, शांत खोलीत रेकॉर्डिंग करायचं असेल तर तोच घ्यावा. पण आमच्या दिवाणखान्यात वर पंखा, आत कुकर, खाली मुलांचं क्रिकेट, आणि मुख्य म्हणजे त्याच खोलीत स्पीकर. तिथे डायनॅमिक शोभतो. तो जवळ येणाऱ्याचं ऐकतो. ओठाजवळ धरून गायलं की तुमच्या आवाजापुढे पंख्याची घरघर मागे पडते.

आणि मग दुकानदाराने तो हातात दिला. शुअर एसएम ५८. चित्रात हजारदा पाहिलेला, पुढे जाळीचा गोळा, मागे करडी निमुळती दांडी. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि ते हातात असं बसतं की खांदा आपोआप सैल पडतो. १९६६ साली अमेरिकेत तो बाजारात आला. एसएम ही ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ची आद्याक्षरं, पण त्याचं घर झालं रंगमंच. स्वयंपाकघरापासून स्टेडियमपर्यंत कुठेही गावं असा माइक, आणि त्याची मूळ रचना अजून तीच! त्याची कागदावरची मर्यादा ५० ते १५,००० हर्ट्‌झ, म्हणजे कंडेन्सरच्या मानाने कमीच. पण शब्दांतल्या व्यंजनांचा जो टापू असतो, तिथे त्याने मुद्दाम थोडी उंची ठेवली आहे, म्हणून ट्रॅकच्या गर्दीतून शब्द वर येतात. दुकानात मी आधी मंद्रातली ओळ म्हटली, मग तारसप्तकातली. दोन्ही वेळा मला मीच ऐकू आले. शेजारी अहुजाचाही तारेचा माइक लावून पाहिला. गणपतीच्या मांडवात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण सगळे ज्याच्या माइकसमोर उभे राहिलो ते हे घराणं. किंमत पुष्कळ कमी, आवाज जरा रोखठोक, आणि सुरुवात करणाऱ्याने खुशाल तो घ्यावा असं मी म्हणेन. फार कडक, टोकदार आवाजाच्या माणसाला तर एखादा मऊ माइक ५८ पेक्षाही बरा वाटेल. म्हणूनच सांगते, दुकानात जा आणि गा. लाजू नका. आपलं रोजचं गाणं, आपल्या पट्टीत, वरचा आणि खालचा सूर लावून. बिल मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, कारण ५८ च्या नकला बाजारात भरपूर फिरतात.

“काकू, जाळी मुठीत नका धरू,” दुकानदार म्हणाला, “दांडी धरा, आणि हनुवटीच्या जरा खालून वर तिरका.” जाळीखाली मागच्या बाजूला हवेला वाट असते, त्या वाटेमुळेच माइकला पाठ मिळते, मुठीत जाळी आवळली की ती वाट बुजते, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि सीटी वाजते. आणि तिरका का, तर आपल्या मराठीतले महाप्राण! फ, भ, ख, ठ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, तो थेट पडद्यावर आदळला की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. जरासा तिरका धरला की झोत बाजूने निघून जातो आणि अक्षर तेवढं आत येतं. आता मी नवं गाणं बसवताना शब्दांत फ आणि भ कुठे आहेत हे आधी पाहून ठेवते.

पण या सगळ्यावर ताण करणारा शोध अंतराचा. अंतर दुप्पट केलं की माइकपर्यंत पोचणारा दाब निम्मा होतो. चार सेंटिमीटरवरून आठवर गेलात की दाब निम्मा! आणि कार्डिऑइड माइकच्या अगदी जवळ गेलं की खर्ज आपोआप वाढतो, आवाजाला भरीवपणा येतो. म्हणजे मनगट हलवून मी माझ्या आवाजाचा पोत बदलू शकते. पेटीच्या भात्यावर हात असावा तसा हा हात. मंद्रात, कुजबुजत्या ओळीला माइक ओठांशी. तान वर चढायला लागली की हळूहळू दूर. आणि न्यास घेताना पुन्हा जवळ. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा आमचे ‘हे’ वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, “ट्रॅक बदललास का?” ट्रॅक तोच होता!

आणि मग मी जुनी गाणी पुन्हा ऐकायला बसले, या नव्या कानांनी. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ या प्रसिद्ध गाण्याची सुरुवात लांबून येते असं वाटायला हवं होतं, लतादीदींनी सांगितलं आहे की माइक खोलीच्या मध्ये होता आणि त्या लांबून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. चालत! यंत्राची कसलीही करामत नाही, फक्त अंतर. तलत महमूद यांच्या आवाजातला तो नाजूक कंप, अरुण दाते यांचं ते शेजारी बसून बोलल्यासारखं गाणं, हे माइकशिवाय तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचलं नसतं. संगीत नाटकाच्या बहराच्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आपल्याच छातीच्या जोरावर जावं लागायचं, आणि त्या जोराचंही एक सौंदर्य होतं, ते मी कमी लेखत नाही. पण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडके यांचं, गीतरामायण सुरू झालं आणि लोक रेडिओभोवती बसू लागले, तेव्हा त्यांच्या कानांशी येऊन कुणीतरी हळू आवाजात गात होतं. भावगीताचं सगळं मार्दव या छोट्याशा पडद्यावर उभं आहे असं मला आता वाटतं. कराओके करताना आपण नेमकी हीच गाणी निवडतो, आणि ती सभागृहात ओरडावं तशी म्हणतो. माइक चांगला असेल तर ओरडावं लागत नाही!

बाकीचं सामान पटकन सांगते. माइकची तार दोन्ही टोकांना तीन पिनांची, म्हणजे एक्सएलआर घ्यावी. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेली विजेची घरघर शेवटी वजा होते. लहानसा मिक्सर, त्यावर इकोचं बटण असलं तर उत्तम, आणि ते बटण शून्यावरून हळूहळू वर न्यावं, जिथे इको ऐकू येतो असं वाटेल त्याच्या जरासं आधी थांबावं. ५८ ची जाळी फिरवून निघते, सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येते, पूर्ण वाळवून परत बसवायची. घरात पाच जण एकाच माइकमध्ये गातात तिथे हे फार महत्त्वाचं.

आता दुसरा माइक घ्यायचा आहे, युगुलगीतांसाठी. ट्रॅकवर दोघांनी एकाच माइकमध्ये डोकी खुपसून गायचं म्हणजे अंतराचा सगळा खेळच संपला. पण दोन माइक उघडे ठेवले की सीटीची शक्यता वाढते. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली आणावा लागतो. म्हणून दुसरा बटण असलेला घेणार, ज्याची ओळ नसेल त्याने बंद करायचा. दिरांचं म्हणणं शुअरचाच बीटा ५८ए घ्या, तो सुपरकार्डिऑइड, बाजूचं आणखी कमी घेतो. खरं आहे, पण त्याला थेट पाठीमागून थोडं ऐकू येतं आणि त्याची बहिरी जागा मागच्या दोन कोपऱ्यांकडे असते, म्हणजे स्पीकर पुन्हा हलवावे लागणार. रविवारी जाऊबाई येणार आहेत. त्या काळी दोनमध्ये गातात, मी पांढरी चारमध्ये, आणि आधी एक पट्टी ठरवायची आहे.